उडवलेला रोहित (फ्लेमिंगो) आणि न उडवलेले बाकीचे (सुपे-भिगवण, मार्चचा पहिला शनिवार-रविवार)

रानवाटा | ९ मार्च, रात्री ९:४०

पंचांगाप्रमाणे वसंत चैत्रात. फाल्गुन म्हणजे अजून शिशिरच. पण पळसाला पंचांग कोण वाचून दाखवणार? चौफुल्याहून सुप्याकडे वळलो आणि ओढ्याच्या काठी एक एकटा पळस दिसला. अंगावर पान नाही आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पेटलेला. मी "थांब थांब" ओरडले तेव्हा नवऱ्याला वाटलं कुत्रं आडवं आलं. असो.

तर हा दोन दिवसांचा वृत्तांत. शनिवार सुप्याच्या माळावर, रविवार भिगवणच्या पाण्यावर. फोटो मोजकेच टाकतेय. आणि एक फोटो मुद्दाम टाकत नाहीये, त्याचं कारण खाली येईलच.

पहाटे साडेचारला पुण्यातून निघालो. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य म्हणजे काही ताडोबा नव्हे. क्षेत्रफळ जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर, १९९७ साली घोषित झालेलं, आणि तिथला मानकरी म्हणजे चिंकारा. फाटकावर पावती फाडली, गाडी कच्च्या रस्त्यावर लावली, इंजिन बंद, काचा खाली. माळावर गाडी हीच सगळ्यात चांगली लपण. जनावराला गाडीचं फारसं काही वाटत नाही. दार उघडून दोन पाय खाली ठेवले की मात्र ते क्षितिजापलीकडे जातं.

खिडकीवर ठेवायला माझ्याकडे नवऱ्याच्या जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली पिशवी आहे, आत अडीच किलो ज्वारी. विकतच्या बीनबॅगपेक्षा काकणभर सरस. (घरी आल्यावर "आता ही दळायला देऊ का?" असं सासूबाईंनी विचारलं. दोन वर्षं माळावरची धूळ खाल्लेली ज्वारी आहे, नको म्हटलं.)

सूर्य पावणेसातच्या सुमाराला वर आला. त्यानंतर वीसेक मिनिटं माळावरचं वाळलेलं गवत असं काही दिसतं की जनावर नसलं तरी चालेल. कुसळीचं एकेक पातं मागून उजळतं. दिवसाउजेडी बघायला गेलं तर तेच गवत नुसतं फिक्कट पिवळं. तेवढ्यात नाकातून शिंकल्यासारखा आवाज आला. चिंकारा सावध झाला की असा शिंकतो. नर होता, वळ्यावळ्यांची शिंगं, शेपटी सारखी फडफडत. साठेक मीटरवर गवताच्या आड उभा राहून आमच्याकडेच बघत होता.

इथे कॅमेऱ्याने दगा दिला. ऑटोफोकस प्रत्येक वेळी पुढच्या गवतालाच चिकटायचा. पहिले अकरा फोटो म्हणजे गवताची उत्तम व्यक्तिचित्रं, मागे तपकिरी डाग. शेवटी फोकस हाताने फिरवला, डोळ्यावर आणला आणि श्वास रोखून चार फोटो घेतले. त्यातला एक हा.

[फोटो १: गवताच्या धुरकट पडद्यातून चिंकाऱ्याचा डोळा. १/८०० सेकंद, एफ ६.३, आयएसओ १६००]

नंतर तासभर डोंबारी चंडोलाच्या मागे घालवला. मुठीत मावेल एवढा पक्षी, नराचं पोट आणि हनुवटी काळी. सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, पुन्हा वर. नाव कोणी ठेवलं असेल त्याने अगदी बघून ठेवलंय. एकशेचाळीस फोटो काढले. एकात पक्षी आहे. बाकीच्यांत आकाश.

पळसाकडे परत संध्याकाळी पाचला आलो. हे सांगितलंच पाहिजे, कारण माझी तीन वर्षं यात वाया गेली. पळसाचा फोटो नेहमी केशरी चिखलासारखा का येतो? कॅमेरा सरासरी प्रकाश मोजतो, तो ठीकच असतो. पण एकटा लाल रंग केव्हाच काठोकाठ भरून वाहून गेलेला असतो आणि पाकळीवरची लव, शिरा, सगळं सपाट होतं. स्क्रीनवर तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) लावून बघा, लालची रेघ उजव्या भिंतीला धडकलेली दिसेल. मी आता उजेड पाऊण ते एक स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) कमीच ठेवते आणि फूल उन्हाच्या उलट बाजूने बघते. मग पोपटाच्या चोचीसारखी ती पाकळी आतून दिवा लावल्यासारखी दिसते आणि खालची काळपट मखमली वाटी काळपटच राहते.

[फोटो २: पळसाच्या फांदीवर भोरडी (पळसमैना), चोचीला परागकण]

रविवारी सव्वासहाला भिगवणजवळच्या काठावरून होडीत बसलो. उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी या दिवसांत उतरू लागतं, काठाचा गाळ उघडा पडतो आणि पाखरांचं ताट वाढलं जातं. नावाडी इथलाच मासेमार. पाखरं जवळ आल्यावर इंजिन बंद करून बांबूने होडी ढकलायला लागला. पाण्यावर वाफ होती. पट्टकादंब हंसांचा थवा काठावर चरत होता, डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवायही दिसत होते. हळदीकुंकू बदकं, शेकाट्या, थापट्या, चक्रवाकांची एक जोडी. आणि पलीकडे उथळ पाण्यात रोहित, अंदाजे दोनशे.

रोहित खाताना बघितलाय का नीट? मान खाली, चोच उलटी, म्हणजे वरची बाजू खाली. एका जागी पाय नाचवून गाळ ढवळतो आणि तो गढूळ रस्सा चोचीतून गाळून घेतो. कॅमेरा मी पाण्यापासून वीतभर उंचीवर धरला होता. होडीत पालथं झोपायचं, दुसरा इलाज नाही. कंबर दुखते, पण तेवढ्या उंचीवरून पाखरू समोरासमोर दिसतं आणि मागचा लांबचा काठ विरघळून नुसता करडा पट्टा होतो.

[फोटो ३: तीन रोहित, तिघांच्याही माना पाण्यात, मधल्याच्या पायाभोवती गाळाचं वर्तुळ]

पावणेआठला दुसरी होडी आली. चौघेजण, चौघांकडे हातभर लांब लेन्स. त्यातला एक नावाड्याला म्हणाला, "दादा, उठवा की एकदा." नावाड्याने इंजिन चालू केलं आणि होडी सरळ थव्याकडे घातली. एकाने टाळ्याही वाजवल्या. रोहित बोजड पक्षी, त्याला उडायला पाण्यावर धावावं लागतं. दोनशे पक्षी एकदम धावले, उठले आणि आमच्या डोक्यावरून गेले.

आणि मी काय केलं? शटर दाबलं. बोट आपोआप गेलं. तेवीस फोटो, १/२५०० सेकंद, सगळे लखलखीत. पंखांचा तो गुलाबी-पोवळ्याचा रंग, काळी किनार, मागे वाफाळलेलं पाणी. आयुष्यात काढलेला सर्वांत चांगला फोटो त्यात आहे.

आमचा नावाडी एवढंच म्हणाला, "आता तासभर काय खायाची न्हाईत ती." थवा लांब, पार पलीकडच्या बेटाजवळ जाऊन बसला, नुसता उभा.

तोच फोटो मी इथे टाकत नाहीये. टाकला की पन्नास जण "वाह, कुठे, कधी, कोणती होडी" विचारणार आणि पुढच्या रविवारी अजून चार होड्या.

साडेनऊनंतर ऊन चढलं, फोटोंचा खेळ खलास. भिगवणला चिलापीची थाळी हाणली. संध्याकाळी पळसदेवला गेलो. पाण्यातून वर आलेलं जुन्या देवळाचं शिखर. त्यासाठी कॅमेऱ्याची तिवई लावली तर तिचे पाय चार-चार बोटं गाळात. प्रत्येक फोटोत क्षितिज थोडं जास्त कललेलं. एक बरा आलाय.

[फोटो ४: पळसदेवचं शिखर, २ सेकंदांचं एक्स्पोजर, पाणी दुधासारखं]

---

अति_शहाणा | ९ मार्च, रात्री १०:०५

पहिला! फोटो १ ला दंडवत. गवताची अकरा व्यक्तिचित्रंही टाका, त्यांचं प्रदर्शन भरवू.

---

शटरसम्राट | ९ मार्च, रात्री १०:३१

फोटो छान. ३ मध्ये पांढरा रंग थोडा उडालाय, पाणी गडद असताना रोहितासाठी १/३ ते २/३ स्टॉप कमी ठेवायला हवं होतं.

बाकी त्या न टाकलेल्या फोटोबद्दल एवढं अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. पक्षी उडतातच. कुत्रं आलं तरी उडतात, मासेमाराची होडी गेली तरी उडतात. एकदा उठले म्हणून काय मरत नाहीत. लोकांनी असे फोटो बघितले म्हणूनच भिगवणचं नाव झालं, नाहीतर कोण जात होतं तिकडे? बिनधास्त टाका.

---

खाडीकाठची | ९ मार्च, रात्री १०:५०

रानवाटा, लेख फार आवडला. भिगवणचे बहुतेक मोठे रोहित, चोच गुलाबी आणि टोक काळं. आमच्याकडे ठाण्याच्या खाडीत छोटे रोहित जास्त, त्यांची चोच अख्खी काळपट लाल दिसते. ऐरोलीहून वनखात्याची होडी सुटते तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, आपल्या मर्जीवर नाही. त्यामुळे कधी भर दुपारी जावं लागतं आणि उजेडाची बोंब होते. पण होडीतून उठून कोणी टाळ्या वाजवलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

@शटरसम्राट, कुत्रं दिवसातून एकदा येतं. होड्या रविवारी किती असतात?

---

फौजीआजोबा | १० मार्च, सकाळी ६:१२

ताई, तुमच्या त्या पट्टकादंबांना मी दुसऱ्या टोकाला भेटलोय. लडाखला नोकरीत असताना जूनमध्ये त्सो मोरीरीच्या काठी पिल्लांची रांग घेऊन चालताना. तळं साडेचार हजार मीटरवर, आम्ही जवान दहा पावलं चढलो की थांबत होतो आणि हे पाखरू हिमालय ओलांडून तिथे पोचलेलं.

मार्चमध्ये त्यांची परतीची तयारी चालू असते. या दिवसांत त्यांचं काम एकच, खाणं आणि अंगावर चरबी चढवणं. फौजेत आम्ही मोठ्या चढाईच्या आधी जवानाला पोटभर जेवू घालायचो, ताटावरून उठवायचो नाही. शटरसम्राट, एकदा उठल्याने मरत नाहीत हे खरं. पण एकदाच कोण उठवतं? सव्वासहाची होडी, सातची होडी, आठची होडी.

---

नवखा_००७ | १० मार्च, सकाळी ९:२०

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. एवढी मोठी लेन्स घ्यायची ऐपत नाही. जाण्यात अर्थ आहे का?

---

रानवाटा | १० मार्च, दुपारी १:१५

@नवखा: आहे की! फोटो ४ मोबाइलवरही आला असता, फक्त पाणी दुधासारखं झालं नसतं. मोबाइलने रोहिताचा डोळा काढायला जाऊ नका, बोटांनी झूम केलं की नुसते ठोकळे येतात. त्याऐवजी सूर्य समोर घ्या, उजळ आकाशावर बोट टेकवून उजेड खाली ओढा, पाखरं काळी आणि पाणी सोनेरी. काठावर मोबाइल उलटा करून लेन्स पाण्याजवळ न्या, अगदी दोन बोटांवर, आणि नावाड्याचा बांबू, होडीचं टोक, वाफ, हे घ्या. मित्राकडे दुर्बीण असेल तर तिच्या डोळ्याच्या भिंगाला मोबाइल चिकटवून बघा. दहापैकी एक फोटो जमतो, पण जमतो तेव्हा हसू येतं.

@शटरसम्राट: पांढऱ्याचं मान्य, वाफेमुळे मला स्क्रीनवर कळलं नाही. फोटोचं मात्र मान्य नाही.

---

हळूहळू_चालणारा | १० मार्च, दुपारी ३:४०

"साडेनऊनंतर खेळ खलास" हे वाक्य मला दोन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते. माझे भिगवणचे सगळे दुपारचे फोटो लोण्यासारखे मऊ. लेन्स बिघडली म्हणून दुकानात नेली, त्यांनी ठेवून घेतली, "कॅलिब्रेशन"चे पैसे घेतले, परत आणली. पुन्हा भिगवण, पुन्हा अकरा वाजता, पुन्हा लोणी. शेवटी घराच्या गच्चीवरून समोरच्या टाकीवरचं कबूतर काढलं तर त्याचं पीस न् पीस दिसलं. लेन्स ठणठणीत होती!

जमीन तापली की वरची हवा थरथरते, रस्त्यावर लांब पाणी दिसतं ना, तेच. पाण्यावरून, गाळावरून, माळावरून, सगळीकडे. आपण लांबच्या लेन्सने शंभर मीटर हवा भिंगाखाली धरतो, त्यामुळे ती थरथरही मोठी होऊन येते. शटर कितीही वाढवा, नंतर संगणकावर काहीही करा, ते परत येत नाही. उपाय दोनच, लवकर जा किंवा जवळ जा. आणि जवळ जा म्हटलं की पुन्हा तो टाळ्यांचा प्रश्न आला.

---

गोफणगुंडा | १० मार्च, रात्री ८:०२

फोटो २ मधली ती भोरडी बघून रक्त खवळलं. 😄 तुम्ही लोक तिला पळसमैना म्हणता, काळं डोकं, गुलाबी अंग, काय सुंदर! आमच्या ज्वारीवर ढगासारख्या उतरतात तेव्हा या म्हणावं. हुरड्याच्या दिवसांत माझा बाप माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, दिवसभर "हाऽऽल्या" करून घसा बसायचा. आता डबे वाजवतो, चकचकीत फिती लावतो. एक मात्र खरं, नाकतोडेही तीच खाते. त्यामुळे पुरती शत्रूही म्हणता येत नाही.

खरी तक्रार वेगळी आहे. आमच्या बांधावर दोन पळस आहेत. मागच्या रविवारी तीन गाड्या आल्या, पोरं-पोरी हरभऱ्यातून चालत गेली. घाटे भरलेला हरभरा. विचारलं तर म्हणे "काका, दोनच मिनिटं." दोन मिनिटांत एक अख्खा वाफा आडवा. बांधावरून चालत या ना! हाक मारा, पाणी पाजू, हवं तर हुरडाही भाजू.

---

अति_शहाणा | १० मार्च, रात्री ८:१९

हुरडा म्हटल्यावर धागा भरकटण्याची शक्यता आहे. गोफणगुंडासाहेब, गावाचं नाव खासगी निरोपात कळवा.

बाय द वे, रानवाटाताईंचं पंचांग बरोबर आहे. चैत्र-वैशाख वसंत, फाल्गुन शिशिर. पण मग वसंत पंचमी माघात कशी, हे मला आजपर्यंत कोणी समजावलं नाही. बहुधा पळसानेच ठरवलं असावं.

---

शटरसम्राट | १० मार्च, रात्री ९:४४

सगळे एकदम माझ्यावर. ठीक आहे. मी पंधरा वर्षं हे करतोय, पाखरांवर प्रेम आहे म्हणूनच. मीही उठवायला सांगितलंय, खोटं कशाला बोलू. स्पर्धेला उडत्या थव्याचाच फोटो चालतो, उभ्या रोहिताकडे परीक्षक दुसऱ्यांदा बघत नाही.

पण नावाड्यांना कोणी काही का म्हणत नाही? इंजिन तेच चालू करतात ना?

---

काठावरचा | ११ मार्च, सकाळी ७:३०

मी इंदापूर तालुक्यातला. माझा चुलतभाऊ होडी चालवतो म्हणून लिहितो. एरवी नुसता वाचतो.

शटरसम्राट साहेब, तुमचं खरंय, इंजिन नावाडीच चालू करतो. पण कशापायी? "उठवा" म्हणणारं गिऱ्हाईक उतरताना दोनशे जास्त ठेवतं. भाऊ नाही म्हणाला तर पुढच्या वेळी ते शेजारच्या होडीत बसतं. पाखरांचा हंगाम असतो तीन-चार महिन्यांचा, त्यात रविवार किती येतात मोजा. जाळ्यात मासा पहिल्यासारखा घावत नाही, मिळतो तो चिलापीच. आमच्या लोकांना पाखरू कुठं बसतं, कधी उठतं, सगळं ठाऊक आहे. एकदा उठवलं की लांब जातंय, आणि मग पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला डिझेल आम्हालाच जास्त लागतं, हे पण ठाऊक आहे.

बसायच्या आधी काठावरच सांगायचं, "दादा, उठवायचं नाही, लांबूनच दाखवा, पैसे तेच देतो." एवढं सांगितलं की नावाड्याचा जीव मोकळा होतो. होडीत बसल्यावर सांगितलं तर त्याला वाटतं गिऱ्हाईक चिडलं.

आणि रानवाटाताई, तुमच्या फोटो ४ बद्दल. ते शिखर माझ्या आज्याच्या गावचं देऊळ. धरण १९८० ला पुरं झालं, गाव पाण्यात गेलं, नवं पळसदेव वर रस्त्याकडं बसलं. आमची आळी देवळाच्या डाव्या अंगाला होती असं आजा सांगायचा. पाणी लई उतरतं त्या साली देऊळ पायापर्यंत उघडं होतं. मग म्हातारी माणसं चालत जायची, आणि आजा हातानं दाखवायचा, इथं चावडी, इथं आमचा गोठा. आम्हाला नुसता गाळ दिसायचा. तुमच्या फोटोतलं पाणी दुधासारखं दिसतंय ते चांगलं आहे, पण आज्याला दाखवलं असतं तर म्हणाला असता, गोठा कुठाय?

तिवईच्या पायाखाली नारळाच्या करवंट्या ठेवा, उलट्या. गाळात जात नाही.

---

रानवाटा | ११ मार्च, सकाळी ११:०८

काठावरचा, हे वाचून काय लिहावं कळेना. मी ते शिखर "पाण्यातली आकृती" म्हणून बघितलं होतं, डावीकडचा भाग तर कापून टाकलाय फोटोतून, रिकामा वाटला म्हणून. मूळ फाइल आहे. आज रात्री न कापलेला फोटो टाकते.

करवंट्यांची युक्ती भारी. इतकी वर्षं खोबरं किसून फेकून देतेय.

---

टेहळणी | ११ मार्च, दुपारी ४:५५

सुप्याला माळटिटवीची अंडी दिसली का? मार्चपासून सुरू होतात ना. दिसली असतील तर नेमका स्पॉट देता का, लोकेशन टाकलं तरी चालेल. पुढच्या आठवड्यात जातोय, मॅक्रो लेन्स आहे.

---

रानवाटा | ११ मार्च, संध्याकाळी ६:२०

@टेहळणी, दिसली असती तरी दिली नसती, राग मानू नका. उघड्या खडीवर चार अंडी, रंग हुबेहूब खडीचा. मॅक्रोसाठी जवळ गेलात की आई उठणार, आणि भर उन्हात ती अंडी उघडी पडणार. दहा मिनिटांत शिजतील अशी ती जमीन असते. शिवाय कावळे बघत असतात माणूस कुठे वाकतोय. रस्ता सोडून चालूच नका, पायाखाली कधी येतील कळणार नाही. आणि फोटोच्या फाइलमध्ये जागेचे आकडे लपलेले असतात ते टाकण्याआधी काढून टाका. मी मोबाइलवर ती सोय बंदच ठेवलीय.

माळच बघायचा असेल तर कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्याची गवताळ सफारी आहे, स्थानिक माणूस बरोबर येतो. खोकड, लांडगा दिसण्याची शक्यताही तिकडे बरी. परतल्यावर घरी पायमोज्यांतली कुसळं काढायला तास राखून ठेवा.

[फोटो ४अ: पळसदेव, न कापलेला]

---

काठावरचा | ११ मार्च, रात्री ९:१५

हा बरोबर आहे. शिखरापासून डावीकडं जिथं पाण्याचा रंग थोडा फिका झालाय, तिथं जमीन उंच आहे. तिथंच असणार.

---

हळूहळू_चालणारा | १२ मार्च, सकाळी १०:००

४अ हा ४ पेक्षा शंभर पटीने सरस. छायाचित्रणाच्या पुस्तकाप्रमाणे चूक आहे, निम्मी चौकट रिकामी.

---

शटरसम्राट | १२ मार्च, रात्री १०:३०

सहमत. ४अ ठेवा.

आणि पुढच्या वेळी मी काठावरच सांगेन. बघू काय मिळतं.

---

रानवाटा | २३ मार्च, रात्री ८:५०

धागा वर काढतेय, थोडं अपडेट. काल पुन्हा गेले होते, एकटीच, काठावरचा यांच्या भावाच्या होडीत. बसायच्या आधीच सांगितलं. तो म्हणाला, "मग घाई नको." बांबू रोवला, होडी बांधली आणि स्वतः खाली बसून तंबाखू मळायला लागला.

पट्टकादंब गेलेले. एकही दिसला नाही. फौजीआजोबा, तुमच्याकडे पोचतील तेव्हा कळवा.

रोहित सुरुवातीला लांब होते. एक तास चाळीस मिनिटं आम्ही हललो नाही. चरत चरत ते आमच्याकडे सरकायला लागले, शेवटी एवढे जवळ की माझ्या लेन्सचं किमान अंतर संपेल की काय वाटलं. गाळ ढवळणाऱ्या पायांचा चुबुक चुबुक आवाज यायला लागला, तो मी आधी कधीच ऐकला नव्हता. एक करडं, या वर्षाचं पिल्लू मोठ्यांच्या मधे मधे घुसत होतं. त्याचा फोटो टाकतेय.

[फोटो ५: करडा रोहित, चोचीतून गळणारा गाळ. १/१२५०, एफ ७.१, आयएसओ ८००]

मग आठ वाजून दहा मिनिटांनी, कोणी काही न करता, थवा आपला आपण उठला. सूर्य बरोबर मागून, अख्खा थवा आडवा समोरून गेला. मी तेव्हा भडंगाची पुडी उघडत होते. कॅमेरा मांडीवर. एकही फोटो नाही.

---

अति_शहाणा | २३ मार्च, रात्री ९:०१

भडंग कुठलं? सांगलीचं की कोल्हापूरचं?

---

गोफणगुंडा | २३ मार्च, रात्री ९:२०

हरभरा निघाला. आता या पळसाला, चालायला रान मोकळं आहे. फुलं मात्र निम्मी गळाली.

---

काठावरचा | २४ मार्च, सकाळी ७:०५

भाऊ म्हणतोय ताईंची टोपी होडीतच राहिलीय. आणि तिवईखालच्या तीन करवंट्या पण.